वसंतातील घरची फुलबाग: फाल्गुनापासून मृगापर्यंतची कामे

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी चार-दोन फुलझाडे असतात. कोणाच्या अंगणात मोगरा व जास्वंद, कोणाच्या ओट्यावर तेलाच्या डब्यात लावलेली अबोली, तर कोणाच्या खिडकीत सदाफुलीची एखादी कुंडी. थंडीत ही बाग हसत असते. होळी झाली की तिची कळा उतरू लागते, आणि वैशाखात पुष्कळ घरी नुसत्या वाळलेल्या काटक्या राहतात. मग मनुष्य म्हणतो, "आमच्या हाताला फुले मानवत नाहीत." आमच्या मते हाताचा दोष क्वचितच असतो. बहुधा कामाचा काळ चुकलेला असतो. तो काळ कोणता व त्या काळी कोणती कामे करावी, हे ह्या पाठात क्रमाने सांगण्याचा विचार आहे. ज्यांस वाचता येते त्यांनी तो घरातील वडील माणसांस वाचून दाखवावा. त्यांच्या अनुभवाने ह्यात भर पडेल.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगणे योग्य होय. काही वर्षांमागे आम्ही पेणकरपाड्यास राहत होतो. हे गाव दहिसरच्या नाक्यापलीकडे, मिरा रोडच्या बाजूस आहे. एका इंग्रजी पुस्तकात 'वसंतातील कामे' अशी यादी होती. मार्च महिन्यात गुलाब छाटावे, कुंड्या बदलाव्या, नवे बी पेरावे, असे तीत लिहिले होते. आम्ही तसेच केले. गुलाब खोल छाटले, वीस कुंड्या मांडल्या, विकत आणलेले बी पेरले. एप्रिल संपण्याच्या आत बी करपले, अकरांपैकी नऊ गुलाब वाळले, आणि घरात पाण्यावरून कुरबूर सुरू झाली ती निराळीच.

शेजारच्या चाळीत एक आजी राहत. त्यांच्या दारी पाचच डबे होते, परंतु त्यांतील मोगरा रोज ओंजळभर कळ्या देत होता. आम्ही त्यांस युक्ती विचारली. त्या म्हणाल्या, "साहेब, आधी हंडे मोजा, मग कुंड्या मोजा." हे एवढे वाक्य आम्हांस त्या सबंध यादीपेक्षा अधिक उपयोगी पडले, आणि हा पाठही त्याच वाक्याचा विस्तार आहे.

१. आमचा वसंत कोणत्या प्रकारचा आहे

ज्या पुस्तकाने आम्हांस फसविले ते खोटे नव्हते. ते दुसऱ्या देशाचे होते. ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे मार्च-एप्रिलात जमीन उबदार होते, झरे वाहू लागतात, आणि पुढे कित्येक महिने झाडांस वाढीचा काळ मिळतो. तेथे वसंत म्हणजे पेरणी. आमच्या किनाऱ्यावर ह्याच्या उलट स्थिती आहे. मुंबई व तिच्या उत्तरेकडील ह्या पट्ट्यात वर्षाचा सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. मुंबईस मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. म्हणजे मार्चच्या आरंभापासून सुमारे शंभर दिवस झाडास आकाशातून काही मिळावयाचे नाही. जे मिळेल ते मनुष्याच्या हातून.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण समजतो की झाडास खरा ताप मे महिन्यात होतो. परंतु मे महिन्यात समुद्रावरचा दमट वारा वाहत असतो. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून, म्हणजे घाटाच्या बाजूने, कोरडा तापलेला वारा येतो आणि समुद्राचा वारा दुपारपर्यंत अडून राहतो. त्या दिवसांत पारा एकाएकी चढतो. २८ मार्च १९५६ रोजी मुंबईत ४१.७ अंश सेल्सिअस उष्णता नोंदली गेली होती. अशा एका दुपारी कोवळे रोप जितके करपते तितके मे महिन्याच्या आठ दिवसांतही करपत नाही. म्हणून सावली व आच्छादन ह्यांची तयारी होळीपूर्वी झाली पाहिजे. झाडे माना टाकू लागल्यावर केलेली तयारी उशिराची होय.

ह्यावरून पाठाचा मुख्य मुद्दा निघतो. आमच्या किनाऱ्यावर वसंत हा बाग वाढविण्याचा काळ नसून ती राखण्याचा काळ आहे. वाढविण्याचा काळ मृगापासून सुरू होतो. जो ह्या शंभर दिवसांत थोडी झाडे नीट राखतो त्याची बाग पावसाळ्यात आपोआप वाढते.

२. पहिले काम: पाण्याचा हिशेब

एक वीत रुंद तोंडाच्या कुंडीस कडक उन्हाळ्यात रोज सुमारे दीड लिटर पाणी लागते असे धरू. वीस कुंड्यांस तीस लिटर लागेल. पंधरा लिटरच्या बादल्या धरल्या तर रोजच्या दोन. शंभर दिवसांचे पाणी तीन हजार लिटर, म्हणजे दोनशे बादल्या. आता विचार करा की ह्या दोनशे बादल्या कोण वाहून आणणार? आमच्या घरांत हे काम बहुतकरून आई, सून किंवा मुलगी ह्यांच्या डोक्यावर पडते. ज्या गावी विहीर आटते किंवा टँकरची वाट पाहावी लागते तेथे झाडाची बादली ही पिण्याच्या हंड्यातून काढलेली असते. मिरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली आणि तेथे नळ आले, तरी उन्हाळ्यात नळाच्या वेळेकडे डोळे लावून बसणारी घरे तेथेही आहेत. फुलांची हौस एकाने करावी आणि तिचे ओझे दुसऱ्याने वाहावे, हे बरे नव्हे. म्हणून घरातील पाणी भरणाऱ्या माणसास विचारूनच कुंड्यांची संख्या ठरवावी. अधिक असतील त्या फाल्गुनातच शेजाऱ्यांस द्याव्या. पाच झाडे जगविणे हे वीस मारण्यापेक्षा चांगले.

ह्या हिशेबात वाया जाणारे पाणी जमेस धरता येते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी झाडांस निर्धास्त द्यावे. कपड्यांच्या साबणाचे व भांड्यांच्या राखेचे पाणी कुंडीत घालू नये; त्यातील क्षार मातीत साठतात. तसेच खाडीजवळच्या विहिरींविषयी सावध असावे. भाईंदरच्या बाजूस मिठागरे फार जुनी आहेत, आणि अशा भागात उन्हाळा वाढला की विहिरीचे पाणी मचूळ होत जाते. पानांच्या कडा करपणे आणि मातीवर पांढरी बुरशीसारखी खपली येणे, ही खाऱ्या पाण्याची खूण होय. अशी खपली दिसल्यास ती खरवडून काढावी आणि आठवड्यातून एकदा गोडे पाणी भरपूर देऊन कुंडीच्या तळातून वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातो. गुलाब व मोगरा खारे पाणी सोसत नाहीत. कण्हेर व बोगनवेल पुष्कळ सोसतात.

बोगनवेलीविषयी येथेच एक शब्द. जिच्याकडे पाणी अगदी थोडे आहे त्या घराने हीच वेल लावावी. तिला पाणी कमी मिळाले म्हणजे ती पाने टाकते आणि रंगाने भरून जाते. पाणी अधिक मिळाले तर नुसती हिरवी वाढते. जे रंगीत दिसते ते तिचे फूल नव्हे, फुलाभोवतालची पाने होत; खरे फूल त्यांच्या मध्ये बारीक व पांढरट असते.

३. मोगऱ्याची छाटणी

ह्या ऋतूचे राजेपण मोगऱ्याकडे आहे, आणि त्याचे काम करण्याची वेळ ठरलेली आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर येत नाही. म्हणून ज्याने छाटणी केली नाही त्याला पाने मिळतात, कळ्या मिळत नाहीत. थंडीत झाडाचे पाणी कमी करून त्यास विसावा द्यावा. जानेवारीच्या अखेरीस, फार तर फेब्रुवारीत, झुडूप जमिनीपासून हात-दीड हातावर छाटावे. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या काड्या मुळाशी काढून टाकाव्या. राहिलेली जुनी पाने हाताने ओरबाडावी. कातर धारेची असावी. बोथट विळ्याने काडी चिरते आणि चिरलेल्या जागी कीड शिरते.

छाटणीनंतर बुंध्याभोवतालची माती बोटभर उकरून दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळीची पेंड मिसळावी, आणि मग पाणी सुरू करावे. शेण ताजे घालू नये. ते कुजताना तापते व मुळे भाजते. महिना-दीड महिन्यात नवी फूट कळ्यांनी भरते. एक बहर ओसरला की फुले येऊन गेलेले शेंडे चार बोटे खुडावे, म्हणजे पुन्हा फूट येते. ह्या रीतीने पावसापर्यंत दोन-तीन बहर मिळतात. ज्याची छाटणी राहून गेली असेल त्याने होळीनंतर खोल छाटू नये. शेंडे मात्र खुडावे, त्यानेही काही कळ्या येतात.

कळ्या पहाटे खुडाव्या. मोगरा संध्याकाळी उमलतो. पहाटे भरलेली पांढरी कळी काढून ओल्या फडक्यात ठेवली तर ती संध्याकाळी घरात उमलते. व्यापारीही असेच करतात. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या डोंगराळ भागांत आदिवासी कुटुंबे मोगरा लावतात, आणि त्यांच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात जातात. भात निघाल्यावर जे हात कामासाठी परगावी जात, त्यांतील काहींस ह्या झुडपाने गावातच काम दिले आहे. ज्यांच्यापाशी विहिरीचे गोडे पाणी व पाच-दहा गुंठे जागा आहे त्यांनी ह्याचा विचार अवश्य करावा. मात्र आधी पाच झाडे एक उन्हाळा जगवून पाहावी आणि मग पन्नास लावावी.

४. बी धरणे

थंडीत फुललेला झेंडू, झिनिया, कॉसमॉस ह्यांचा काळ आता संपला. पुष्कळ लोक ही झाडे हिरवी आहेत तोवर पाणी देत राहतात. हे पाणी फुकट जाते. प्रत्येक जातीचे सर्वांत निरोगी एक झाड निवडावे, त्यावरील दोन-तीन मोठी फुले तशीच सुकू द्यावी आणि बाकीची झाडे उपटून खताच्या खड्ड्यात टाकावी. फूल पूर्ण वाळून तपकिरी झाले म्हणजे कोरड्या दिवशी काढावे, सावलीत कागदावर पसरून आठ दिवस सुकवावे, मग बी वेगळे करून थोड्या चाळलेल्या राखेसह कोरड्या बाटलीत घट्ट बुचाने ठेवावे. बाटलीवर नाव व महिना लिहावा. उन्हात वाळविलेले बी पुष्कळदा उगवत नाही, आणि ओले ठेवलेले बी बुरशीने जाते.

दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात. दुकानातून आणलेले संकरित झेंडूचे बी असेल, तर त्याच्या पोटी आलेले बी आईसारखी फुले देईलच असे नाही. काही लहान, काही इकहेरी निघतील. ज्यास दसऱ्यास फुले विकावयाची आहेत त्याने ह्यावर भिस्त ठेवू नये. दुसरी गोष्ट अबोलीची. तिची शेंग वाळली व पाणी लागले की टचकन फुटते आणि बी हातभर लांब उडते. म्हणून वाळलेले तुरे पाणी घालण्यापूर्वी खुडून घ्यावे व कागदाच्या पुडीत ठेवावे. मुलांस ही गंमत पाहावयाची असेल तर एखादी वाळकी शेंग वाटीभर पाण्यात टाकून दाखवावी. झाड बी कसे पसरविते हे पुस्तकाशिवाय समजते.

५. पाणी, पाचोळा व सावली

पाणी सूर्य उगवण्यापूर्वी किंवा मावळल्यावर द्यावे. नळीतील पहिले पाणी उन्हाने तापलेले असते. ते आधी बादलीत घेऊन निववावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा मुळापर्यंत मुरेल असे द्यावे, नाहीतर मुळे ओलाव्याच्या मागे वर येतात आणि उन्हाने भाजतात. द्यावे की नाही हे बोटाने ठरवावे. मातीत दोन पेरे बोट घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. भर दुपारी पाने लोंबली तरी घाबरू नये. संध्याकाळी ती सावरली तर झाड तहानलेले नाही, फक्त उन्हापासून स्वतःस वाचवीत होते.

जमिनीत लावलेल्या झाडाजवळ मातीचे, न भाजलेल्या चिकणमातीचे नव्हे, तर भाजलेले परंतु रोगण न दिलेले साधे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते, आणि माती जितकी कोरडी तितके अधिक पाझरते. चीन देशात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील शेतीच्या एका ग्रंथात ही रीत वर्णिलेली आहे. आमच्या कुंभारवाड्यातील जुना, किंचित तडा गेलेला माठही ह्या कामी चालतो.

आता पाचोळ्याकडे वळू. आमच्या बाजूस पानगळ थंडीत न होता ह्याच दिवसांत होते. साग, पिंपळ, शिरीष ह्यांची पाने माघ-फाल्गुनात अंगणभर पडतात. झाडाने पाठविलेले हे पांघरूण आपण झाडून पेटवून देतो! कुंडीत किंवा आळ्यात हा पाचोळा चार बोटे जाड पसरावा, बुंध्यापासून दोन बोटे जागा मोकळी ठेवावी, आणि वर थोडी माती भुरभुरावी म्हणजे वाऱ्याने उडत नाही. पाचोळ्याखाली माती थंड राहते आणि दररोज लागणारे पाणी पुष्कळदा दिवसाआड पुरते. वरील हिशेबातल्या दोनशे बादल्यांपैकी कित्येक बादल्या ह्या एका कामाने वाचतात. उरलेला पाचोळा खड्ड्यात भरून ओला करावा, मधून मधून शेण व मातीचा थर द्यावा आणि पावसाळ्यात वर झाकण घालावे. दिवाळीपर्यंत काळे भुसभुशीत खत तयार होते. शेतकरी बंधू भाताच्या रोपासाठी राब भाजतात ती गोष्ट निराळी. परंतु अंगणातील कचरा पेटविण्यात कसलेही पीक नाही. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून दंडही ठरविला आहे.

सावली पश्चिमेकडून धरावी, कारण दुपारनंतरचे ऊन झाडास अधिक लागते. नारळाच्या झावळ्यांचे झाप, जुने गोणपाट किंवा बाजारात मिळणारी हिरवी जाळी, काहीही चालेल. अबोलीस अर्धी सावली बाराही महिने आवडते. मोगऱ्यास सावली देऊ नये. त्यास ऊन हवे, फक्त पाय थंड हवे. पत्र्याचे डबे उन्हात इतके तापतात की काठाजवळची मुळे भाजून निघतात. अशा डब्यांस बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा व ओले गोणपाट गुंडाळावे.

६. कीड व डास

उष्ण कोरड्या हवेत जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो. तो पिठ्या ढेकूण होय. मुंग्या त्याच्या अंगचा गोड रस खातात व त्यास एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसताच शेंडे तपासावे. थोडा असेल तर शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. अधिक असेल तर निंबोळीचा अर्क करावा. वाळलेल्या निंबोळ्या कुटून पन्नास ग्रॅम भुकटी फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी पिळून गाळून एक लिटर पाणी पुरे करावे, त्यात चिमूटभर साध्या साबणाचा चुरा विरघळवावा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा तसेच करावे. मोगऱ्याची पाने पिवळसर ठिपक्यांची होऊन मागे बारीक जाळे दिसले तर तो लाल कोळी आहे. त्यास धूळ व कोरडेपणा आवडतो. सकाळी पानांच्या मागील बाजूवर पाण्याचा जोराचा शिपका द्यावा.

कुंडीखालच्या ताटलीविषयी मात्र कळकळीने सांगतो. तीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे उडते डास होतात. ही अंडी ताटलीच्या कडेस चिकटून कोरडीही कित्येक महिने जिवंत राहतात; पाणी नुसते ओतून टाकल्याने ती जात नाहीत. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून प्रत्येक ताटली रिकामी करावी व काथ्याने घासावी. ताटलीत वाळू भरली तर सर्वांत बरे. फुलांच्या हौसेपायी घरातील मूल तापाने पडावे, असे कोणास वाटेल?

त्याच ओघात कण्हेरीची गोष्ट. तिचे पान, फूल, काडी, मूळ सर्व विषारी आहे. लहान मुले व गुरे जेथे फिरतात तेथे ती लावू नये, आणि तिच्या छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नये. सदाफुलीचेही असेच. मादागास्कर बेटातून आलेल्या ह्या झाडापासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधे काढली गेली, हे खरे. परंतु ती औषधे कारखान्यात मोजून शुद्ध केलेली असतात. घरी पाने चावून कोणी औषध करू नये. शोभेसाठी मात्र सदाफुलीसारखे सोशीक झाड नाही.

७. आता काय लावावे आणि काय लावू नये

गुलाबाची मोठी छाटणी पावसानंतर, ऑक्टोबरात करावी. वसंतात वाळकी काडी व सुकलेले फूल एवढेच काढावे. आमचे नऊ गुलाब ह्याच चुकीने गेले. कुंडी बदलणे, जास्वंदीच्या फांद्या लावणे, सोनचाफ्याचे कलम आणून लावणे, ही सर्व कामे पहिल्या पावसापर्यंत थांबू शकतात. झाडाची मुळे हलविली की काही दिवस त्यास पाणी नीट ओढता येत नाही, आणि हेच दिवस कडक उन्हाचे असले तर ते जगत नाही.

तथापि तीन गोष्टी आता लावण्याजोग्या आहेत. पहिली निशिगंध. त्याचे कंद एप्रिल-मेमध्ये लावावे. सुपारीएवढे भरीव कंद निवडून, दोन-तीन बोटे खोल, उंच वाफ्यात किंवा तळास भोके असलेल्या कुंडीत लावावे, म्हणजे पावसात पाणी साचून कुजत नाहीत. तीन-चार महिन्यांनी दांडे येतात.

दुसरी शेवंती. थंडीत फुललेल्या झाडाच्या मुळाशी जे फुटवे निघाले असतील ते मुळांसह सोडवून एप्रिल-मेमध्ये सावलीतील कुंडीत लावावे. त्यास लगेच फुले का येत नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. कारण असे की शेवंती दिवसाची लांबी मोजते. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागल्याशिवाय ती कळी धरीत नाही. वनस्पतींचा हा गुण अमेरिकेतील गार्नर व अॅलर्ड ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. म्हणून उन्हाळ्यात तिला खत घालून फुलविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ह्या काळात तिला फक्त जगवावे. रात्री जिच्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडतो अशी शेवंतीही उशिरा फुलते. शहरातील वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरा, चिनी गुलाब म्हणून ओळखला जाणारा पोर्तुलाका. त्याची बोटभर काडी खुपसली की लागते. पाने जाड व रसदार असल्यामुळे थोड्या पाण्यात टिकतो, आणि ऊन चढले की फुलतो. ज्या घरी मुले आहेत तेथे एका उथळ डब्यात तो अवश्य लावावा आणि त्याचे पाणी मुलांकडे सोपवावे.

८. मृगाची तयारी

वैशाखात बागेत काम थोडे असते असे वाटते. परंतु पावसाळ्याची बाग ह्याच दिवसांत घडते. सोनचाफा, पारिजातक, अनंत ह्यांपैकी जे लावावयाचे असेल त्यासाठी दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा मे महिन्याच्या आरंभी खणावा. वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस ठेवावी, आणि खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तसाच उघडा राहू द्यावा. उन्हाने मातीतील पुष्कळ कीड व बुरशी मरते. मग वरची माती व कुजलेले खत मिसळून भरावा. पावसात माती बसते म्हणून भर जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावी. खाडीची वाळू खड्ड्यात किंवा कुंडीत कधीही घालू नये. तिच्यात मीठ असते.

कुंड्यांची तळची भोके काडीने मोकळी करावी. उन्हाळ्यात झाडे पाण्यावाचून मरतात, परंतु आमच्या बाजूस पावसाळ्यात त्याहून अधिक झाडे पाणी साचून मरतात. अंगणातील पाण्यास वाट काढून ठेवावी. पहिले दोन-तीन जोराचे पाऊस पडून गेले, माती निवली, मग कुंड्या उघड्यावर आणाव्या व नवी झाडे लावावी. धरून ठेवलेल्या बियांच्या बाटल्या त्या वेळी काढाव्या. दसऱ्याच्या झेंडूचे बी जूनमध्ये पेरले म्हणजे वेळेवर फुलते.

पेणकरपाड्यातील त्या आजींचे पाच डबे आम्ही पुढील उन्हाळ्यात पुन्हा पाहिले. एक नवा डबा वाढला होता. आम्ही विचारले, "आजी, हा सहावा कसा?" त्या म्हणाल्या, "सून म्हणाली, आणखी एका डब्याचं पाणी मी आणीन. मग लावला." आम्हीही त्या वर्षी आमच्या वीस कुंड्यांच्या सात केल्या, आणि मृग लागला तेव्हा सातही जिवंत होत्या.

अभ्यासाचे प्रश्न

१. आमच्या किनाऱ्यावरील वसंत व थंड देशांतील वसंत ह्यांत झाडांच्या दृष्टीने कोणता भेद आहे?

२. तुमच्या घरी किती कुंड्या आहेत? शंभर दिवसांच्या पाण्याचा हिशेब करा. ते पाणी कोण भरते?

३. मोगरा छाटल्यावाचून कळ्या का देत नाही? गुलाब ह्याच काळी का छाटू नये?

४. अंगणात पडलेल्या पाचोळ्याचे दोन उपयोग सांगा.

५. कुंडीखालची ताटली नुसती रिकामी करून का भागत नाही?

६. शेवंतीला उन्हाळ्यात फुले का येत नाहीत?

७. ह्या आठवड्यात घरातील एका फुलझाडाचे बी धरून, बाटलीवर नाव व महिना लिहून ठेवा. मृगानंतर त्यातील अर्धे शेजाऱ्यास द्या.